घाटमाथ्यावर थांबलेला माणूस

आमच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गल्लीतला एक जण आणि त्याचा मित्र लिलावात घेतलेली एक जुनी लष्करी जीप दुरुस्त करायचे. मित्र नोकरीसाठी सौदीला गेला, तेव्हापासून रविवारी मी पाना धरायला जाऊ लागलो. तो मात्र अजूनही दोघांचंच बोलायचा. एकट्यानं ब्रेक बसवले तरी म्हणायचा, "आम्ही ब्रेक नवे टाकले." सहा वर्षांत त्यानं गिअरबॉक्सही बदलला, पण जीप गल्लीबाहेर नेली नाही.

शेवटी मी हट्टच धरला आणि आम्ही कन्नडच्या घाटापर्यंत गेलो. घाटमाथ्यावर त्यानं गाडी थांबवून चावी माझ्या हातात दिली.

"तुम्ही जाऊन या भाऊ. हा घाट मला त्याच्यासंगंच उतरायचाय."

"तो येणार आहे का पण?"

"येत नाय, असं तरी कुठं म्हनला?"

मी एकटाच घाट उतरलो आणि परत वर आलो. तो कठड्याला टेकून उभा होता.

"शेवटच्या वळणावर गिअर उशिरा टाकला तुम्ही," तो म्हणाला. मग त्यानं डोळे पुसले. "पण लई झ्याक चढली. इथं उभा राहून सगळा आवाज ऐकला मी. त्याला सांगायचाय ना."