सोवळ्यातले जंत

माझ्या पोटात जंत झाले आणि अपमान अम्माचा झाला.

रक्त कमी, वजन कमी, जिना चढताना धाप. डॉक्टरीणबाईंना (वयानं माझ्या मुलीएवढ्या) जंतांचा संशय आला आणि त्यांनी विचारपूस सुरू केली. प्रश्न मला, उत्तरं अम्माची! मी सरकारी नोकरीतला, पन्नाशी उलटलेला; पण अम्मा सोबत असली की माझं पोटसुद्धा तिच्या ताब्यात जातं. बाहेरचं खातो? छे. पाणी? उकळून, गाळून. शौचाच्या रंगावरही ती बोलायला लागली, तेव्हा मी घाईनं "काळपट" म्हणून टाकलं.

मग बाईंनी विचारलं, अनवाणी चालता का?

अम्मा खुलली. तमिळ मुलखातल्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठे राजे गेले, सोवळं राहिलं. आम्ही त्याला मडी म्हणतो, आणि मडीत चप्पल चालत नाही. रोज सकाळी ओलेत्यानं, अनवाणी, परसातल्या केळीत जाऊन नैवेद्याचं पान कापायचं हे माझं काम आणि तिचा अभिमान. पूर्वी तीच कापायची. हे सगळं तिनं तमिळमध्ये सविस्तर सांगितलं. संडासाची टाकी तिथंच पाझरते आणि त्यामुळे केळी कशा माजल्यात, तेही सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे जंत तळपायातून शिरतात, म्हणाल्या. गोळी साऱ्या घरानं घ्यायची. अम्मानं तर नक्कीच, कारण तिच्या पापण्या आतून माझ्याहून पांढऱ्या पडल्या होत्या.

"मडीच्या घरात किडे? मी नाही घेत जा," म्हणून अम्मा उठली, आणि दवाखान्याच्या दुसऱ्याच पायरीवर धापा टाकत बसली.

मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाला सुचतं ते मला सुचलं.

"अम्मा, मी ऑफिसाजवळ गाडीवर परोटा खातो. मटणाच्या रश्श्यात बुडवून. किडे तिथले. माझ्यापासून तुला लागले."

आयुष्यात कांद्याला न शिवलेला मी! वाटलं, निदान एकदा तरी "तू? शक्य नाही" म्हणेल.

"मला वाटलंच होतं रे," ती म्हणाली आणि गोळी गिळून मोकळी झाली. एवढं वाईट मला जंतांचंही वाटलं नव्हतं.

आता तिच्या गालांवर लाली आहे. नैवेद्याचं पान बाजारातून येतं, कारण बाटलेल्या हाताचं देवाला चालत नाही. माझं ताट ओसरीवर वाढतात. जंत पोटाबाहेर गेले, मी पंगतीबाहेर; आणि तो परोटा लागतो कसा, हे मला अजून माहीत नाही!