अर्थिंगच्या खड्ड्याला दोन बादल्या

नीळकंठराव पातूरकर सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मीही चार ओळी लिहाव्यात असा निरोप आला, म्हणून धजतो आहे. मी बाळापूरचा, सातवी नापास. अकोल्याच्या कॉलेजात सरांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. एका जागी मन रमत नाही. आज कलकत्त्याच्या कारखान्यात आहे, हा तिसरा.

पहिल्याच दिवशी सरांनी जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांनी भरलेला उंच लोखंडी रॅक दाखवला.

"भेव वाटते का रे?"

"नाही जी," मी ऐटीत म्हणालो.

"मंग हात लावू नको. ज्याले भेव वाटते, तोच इथं टिकते."

रॅकपासून एक तार मागच्या अंगणातल्या खड्ड्यात पुरलेली; हेच अर्थिंग. कुठे वीज गळलीच तर ती तारेवाटे मातीत जावी, माणसातून नव्हे. पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तारेला सोडते. म्हणून त्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओतणे हे माझे काम.

एका वैशाखात विहीर आटत आली, दिवसाला दोनच बादल्या निघत. पोरे परीक्षेला आलेली आणि रांजण कोरडा. मी खड्ड्याच्या बादल्या रांजणात ओतल्या. असे चार दिवस. बोललो कुणालाच नाही.

पाचव्या दिवशी सरांनी नेहमीसारखा डावा हात, वीज छातीतून जाऊ नये म्हणून, कोटाच्या खिशात घातला आणि वीज गळते का पाहायला उजव्याची उलटी बाजू रॅकला टेकवली. सरळ पंजा लोखंडाला चिकटून राहतो, उलटा फेकला जातो, ही त्यांचीच शिकवण. हात फेकला गेला. सर भिंतीवर आदळले, चेहरा चुन्यासारखा. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला.

"खड्ड्यात पाणी टाकलं होतं?"

"नाही जी. पोराइले पाजलं."

आता हाकलतात, असे वाटले. सर हात चोळत म्हणाले,

"तहानलेल्याले पाजलं, बरं केलं. पण मले सांगाचं होतं, बावा. रॅक बंद ठेवला असता."

प्राचार्यांनी विचारले तेव्हा "तपासणी माझीच राहिली" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून जुन्या शहरातून, मोर्णा नदीच्या पुलावरून, सायकलला खड्ड्यासाठी पाण्याचा डबा बांधून ते येऊ लागले.

इथे पावसाळ्यात पाऊस थांबत नाही, तरी मी कारखान्याच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो. सोबतचे हसतात. अकोल्याचे पत्र आले की अजून आधी सरांची खुशाली शोधतो.

सर आजही रोज सकाळी रॅकला हात लावतात म्हणे. त्यांना निरोगी शतायुष्य लाभो. आणि अकोल्यात हे वाचणाऱ्यांनो, वैशाख तोंडावर आला आहे. हार मागाहून घाला. आधी खड्ड्यात दोन बादल्या टाकून या.