कोमलने मागितला तरी

कोमलला साप चावेल, ती धरणात बुडेल, तंबूपाशी बिबट्या येईल, असल्या काळज्या राजेश्वरीने केव्हाच मागे टाकल्या होत्या. लेक धडधाकट होती आणि पोहण्यात कुणाला ऐकत नव्हती. राजेश्वरीच्या मनातून जात नव्हती ती वेगळीच काळजी. या पोरीच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

लहानपणी तुंगार्लीच्या घरी कुणी पाहुणा आला, की आईने पोह्यांची तयारी करण्याआधीच कोमल सांगून मोकळी व्हायची, "लाडू वरच्या डब्यात आहेत, पण ते बाबांसाठी लपवलेत." पाहुणे हसायचे आणि लाडू संपायचे.

मोठी झाल्यावर ती नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात ऑफिसात लागली. तिथे जीव रमेना. एक दिवस नोकरी सोडली आणि पवनानगरच्या पुढे, आजोबांच्या धरणाकाठच्या जमिनीवर तिने तंबू ठोकले. पेज काढलं. सूर्योदय, पिठलं, शेकोटी, भुऱ्या कुत्रा, सगळं त्यावर. लोक यायला लागले. येणाऱ्या प्रत्येकाचं आधार कार्ड ती मागून घ्यायची आणि त्याचा फोटो ड्राइव्हवर ठेवायची.

गेल्या हिवाळ्यात पेजवर एका पाहुण्याचा फोटो बघताना राजेश्वरी थबकली. मागच्या जांभळाच्या झाडावर पाटी होती: 'वायफाय पासवर्ड: भुऱ्या१२३'. तिने तडक फोन लावला.

"कोमल, हाच पासवर्ड तुझ्या मेलचा आहे ना?"

"सगळ्याचाच आहे. किती लक्षात ठेवणार?"

"अगं, मग ज्याने पाटी वाचली त्याला तुझा ड्राइव्ह उघडता येईल! लोकांनी विश्वासाने कार्डं दिलीत. उद्या कुणाच्या नावावर कुणी सिमकार्ड घेतलं म्हणजे?"

त्या रविवारी कोमल घरी आली आणि मायलेकींनी बसून सगळे पासवर्ड बदलले. निघून गेलेल्या पाहुण्यांची कार्डं पुसली. दुसऱ्या फोनवरून कुणी खातं उघडायला गेलं तर आधी कोड मागावा, अशी सोय केली. धरणाकाठी रेंजचा भरवसा नाही, म्हणून तो कोड आईच्या फोनवर.

"तुझ्याइतका संशयी पहारेकरी मला कुठे मिळणार?" कोमल म्हणाली. "आता नीट ऐक. कोड कुणाला सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही. आधी खात्री करायची."

"बरं बाई."

या शनिवारी दुपारी राजेश्वरी भाजी निवडत होती. फोनवर कोड आला. पाठोपाठ अनोळखी नंबरवरून फोन.

"आई, मी कोमल. होडीतून उतरताना फोन पाण्यात पडला. जुन्या फोनवर खातं उघडतेय. कोड सांग पटकन. संध्याकाळी पाहुणे यायचेत आणि कुणाला कुठला तंबू ते सगळं त्यातच आहे."

आवाज तुटत होता. कोमलसारखा वाटत होता, पण शपथेवर सांगावा इतकाही नाही.

"कोमल आहेस तर सांग, मागच्या शनिवारी डब्यात काय पाठवलं होतं?"

"डाळिंबीची उसळ!"

बरोबर होतं. पण त्या उसळीचा फोटो कोमलने पेजवर टाकला होता. राजेश्वरीने शाळेचं नाव विचारायचं ठरवलं, तेही पेजवर होतं. वाढदिवस होता. गुडघ्यावरच्या खुणेची गोष्टही होती. मागे भुऱ्या भुंकला, तर भुऱ्याच्या भुंकण्याचे व्हिडिओ तर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले होते. चोराला ठाऊक नसेल असं या पोरीने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात फोनवर एक दणदणीत आवाज आला. "ताई, मी केरबा. होडीवाला. पोरगी खरंच हितं हाय. फोन बुडाला की वो तिचा."

"तुम्ही केरबाच कशावरून?"

"आता कशावरून म्हंजी? लय वर्सं झाली, मीच हाय!"

राजेश्वरीला हसू फुटलं, पण कोड तिने ओठांवर येऊ दिला नाही.

"आई!" पुन्हा तो पहिला आवाज. "मी शिकवलेलं माझ्यावरच उलटवतेस होय?"

"मग? शिकवलंस ते पाठ केलंय. कोमल असशील तर रागावणार नाहीस. नसशील तर राग आला तरी मला काय त्याचं? थांब जरा."

तिने फोन ठेवला. पोरगी खरीच कोमल असेल, तर पाहुणे दारात येतील आणि ती गोंधळून उभी असेल. नसेल, तर एका आकड्यासाठी कितीतरी परक्या माणसांची कार्डं चोराच्या हाती जातील. बसून राहणंही धोक्याचं आणि सांगणंही.

ओट्याकडे नजर गेली. तिथे आज डबा नव्हता. तो सकाळीच शेजारच्या दत्तोबा भाऊंच्या जीपमधून पवनानगरला गेला होता, दर शनिवारी जातो तसा. तिथली कामं आटोपून दत्तोबा भाऊ संध्याकाळच्या आत डबा कोमलच्या हातातच देतात. पेज कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही आणि त्यांचा फोटो कोमलने कधी कुठे टाकलेला नाही. पण पोरगी दुपट्यात होती तेव्हापासून ते तिला ओळखतात. त्यांनी डोळ्यांनी बघावं, आपला फोन तिच्या हातात द्यावा, मग कोड काय, पिठल्याची कृतीसुद्धा सांगते.

राजेश्वरीने भाजीचे हात पदराला पुसले आणि दत्तोबा भाऊंचा नंबर लावला.