बांगडीवरचा बाण

महाकाम नदीकाठच्या हांडिल रासाउ गावात हद्रानला कुणी हद्रान म्हणत नसे. तो बांगडीवाला. गावाखालून तेलाचा नळ जातो. त्या नळाला हद्रान जाड कडं घालायचा आणि कड्यातून लोखंडात एक थरथर सोडायचा. लोखंड जिथे झिजलेलं असेल तिथून ती थरथर माघारी यायची आणि किती मीटरवर नळ खराब आहे ते पडद्यावर उमटायचं. एक खड्डा खणला की दोन्ही अंगांचा पन्नास-पन्नास मीटर नळ जागच्या जागी तपासून व्हायचा. बांगड्या भरून पोट भरणारा बाप्या, म्हणून बायका त्याची थट्टा करायच्या. पण बावीस वर्षांत त्याने सांगितलेली जागा चुकली नव्हती. हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

त्या मंगळवारी खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. कडं एका बाजूने बसेना, म्हणून त्याने ते काढलं आणि पलीकडून घातलं. कड्यावर एक बाण असतो. तेल वाहतं त्या दिशेला, म्हणजे इथे नदीकडे, तो हवा, कारण थरथर दोन्हीकडे धावते आणि पुढचं कुठलं, मागचं कुठलं हे यंत्राला त्या बाणावरूनच कळतं. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. हद्रानने बाण पाहिला नाही. बावीस वर्षं पाहिला होता, आता काय पाहायचा?

पडद्यावर आलं, एकतीस मीटर पुढे खोल झीज. एकतीस मीटर पुढे मस्नियाचं स्वयंपाकघर होतं. सगळं गाव तिला आचिल म्हणायचं, म्हणजे मावशी. तिच्या हातचा पिवळा भात खाऊन हद्रान लहानाचा मोठा झाला होता. मशिदीच्या बांधकामातून उरलेल्या हिरव्या फरश्या तिच्या नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी तिथे एकेक करून बसवल्या होत्या. तेल कंपनीचा इंजिनियर विचाक्सोनो जावाचा माणूस, फरशी फोडायची परवानगी फार आदबीने मागायला गेला. आचिलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हद्रान, नक्की ना रे?"

"आचिल, मी कधी चुकलोय?"

तिने भांडी अंगणात काढली.

दुपारपर्यंत फरशीचा चुरा झाला. दोन मीटर खोल खणलं. खाली नळ धडधाकट, काळाकुळकुळीत, एक ओरखडा नाही. विचाक्सोनो म्हणाला, यंत्रच ते, होतं कधी कधी. हद्रान सामान आवरायला पहिल्या खड्ड्यात उतरला आणि कड्याशी वाकला. बाण उलटा होता. नदीकडे नाही, मशिदीकडे. त्याचे कान तापले. खराबी एकतीस मीटरवरच होती, पण मागे. मशिदीच्या पायऱ्यांखाली. तिथे रोज संध्याकाळी गावातली पोरं कुराण शिकायला बसतात.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. आसपास कुणी दिसलं नाही. त्याने कडं काढलं, उलटवून घातलं, पुन्हा थरथर सोडली आणि इंजिनियरला हाक मारली. दुसरीकडे एक खूण दिसतेय, म्हणाला. एवढंच म्हणाला.

पायऱ्यांखाली नळ कागदासारखा पातळ झालेला निघाला. तेल बंद केलं, तुकडा बदलला. शुक्रवारी इमामांनी त्याचं नाव घेऊन दुआ मागितली. विचाक्सोनोने चारचौघांत त्याची पाठ थोपटली. दुसरा असता तर सामान गुंडाळून घरी गेला असता, याने पुन्हा तपासलं, म्हणाला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. हद्रान मिठाची गुळणी धरून बसला. आपण किती हलके आहोत हे त्याला त्या पाठीवरच्या थापेने कळलं.

दुसऱ्या दिवशी आचिलकडून ताट आलं. पिवळा भात, वर लाल रश्शातला हारुआन मासा. एका घासानंतर त्याने ताट बाजूला सारलं. बायकोने विचारलं, मासा बिघडलाय का? नाही म्हणाला, आणि अंगणात जाऊन बसला.

शेजारणीचं ताट रिकामं परत करत नाहीत. त्याने ताटात केळी ठेवली आणि निघाला. तिच्या दारापर्यंत गेला, माघारी आला. असं अकरा दिवस चाललं. केळी काळी पडली, नवी ठेवली. बाराव्या दिवशी तो आत गेला. आचिल अंगणात ताडपत्रीखाली तीन विटांवर भात शिजवत होती. स्वयंपाकघरात अजून खड्डाच होता.

"आचिल, यंत्र चुकलं नव्हतं. मी कडं उलटं घातलं होतं. तुमची फरशी उगाच फोडली."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मी वरच्या खिडकीत उभी होते. तू चोरासारखं चौफेर पाहिलंस आणि बांगडी फिरवलीस. मला त्यातलं काही कळत नाही, पण माणूस तसा का बघतो ते कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला सांगू? मला तुझी लाज वाटत होती. ताट पाठवलं, म्हटलं परत द्यायला येईल तेव्हा स्वतःच बोलेल. रोज दारापर्यंत येऊन जात होतास, तेही दिसत होतं."

हद्रानला मान वर करवेना. फरशी मी बसवून देतो, हिरवीच आणतो, असं काहीतरी तो पुटपुटला.

"बसव. पण आधी आज नमाजानंतर उभा राहा आणि ज्यांनी तुझ्यासाठी दुआ मागितली त्यांना हे सांग."

तो उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. विचाक्सोनोने त्याला तीन महिने कड्याला हात लावू दिला नाही. त्या तीन महिन्यांत त्याने आचिलची फरशी बसवली. हिरवी मिळाली, पण तो हिरवा रंग नाही मिळाला.

त्यानंतर तो पहिल्यांदा गावातल्या खड्ड्यात उतरला तेव्हा बघायला बरीच माणसं जमली होती. आचिल अगदी कडेला येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "हद्रान, बाण बघितलास?"

हद्रानचे कान पुन्हा तापले. त्याने खाली वाकून, चिखल पुसून बाण पाहिला.

"बघितला, आचिल."