माझे साडू, पाणथळीचे वकील

माझे साडू वकील होते. त्यांच्याबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून येणंजाणं. पण त्यांच्या घरी मी बहुतेक वेळ कपबशीकडे बघत बसायचो. कोर्टातलं तर मला ओ की ठो कळत नाही. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर ते माझं.

सुरुवातीला ते बांधाचे, वाटेचे खटले चालवत. मग एका कारखान्याचं रंगीत पाणी विहिरींत उतरलं. तो खटला जिंकले आणि नदी, टेकडी, धूर असलीच कामं त्यांच्याकडे यायला लागली. शेतजमिनीवर गोदाम, बागेच्या जागी दुकानं, अशा परवानग्यांविरुद्ध ते उभे राहत. बाकीचे वकील त्यांना 'बेडूकवकील' म्हणत. ते हसून म्हणायचे, "बेडूक फी देत नाहीत, पण खोटंही बोलत नाहीत."

जागा पायाखाली घातल्याशिवाय ते खटला घेत नसत. एकदा मलाही नेलं. शहराच्या कडेला पाणथळ होती, तिच्या काठी त्यांच्या थोरल्या भावाचं घर, आणि त्याच वस्तीत त्यांचं स्वतःचंही. चिखलात काठी रोवून म्हणाले, "अहो, अख्ख्या वस्तीचं पाणी ही पोटात घेते. इथे भराव पडला की ते लोकांच्या दारात येणार." माझी एक चप्पल त्या चिखलातच राहिली. पुढे ते मला कायम 'एकपायी साक्षीदार' म्हणायचे.

त्याच पाणथळीवर इमारती बांधायला एका बिल्डरला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी खटला लावला. वकील स्वतःच अर्जदार झाला तर बरं दिसत नाही, म्हणून अर्जदार केलं दादांना, म्हणजे थोरल्या भावाला. शेजारचा इस्त्रीवाला, शिकवणीवाल्या बाई, सगळे नाव द्यायला तयार होते. साडूंनी हात जोडले. "दहा जण घेतले की एखादा फुटतोच. घरचं नाव असलं की घोर नाही."

त्या एका नावावर कोर्टानं भराव थांबवला. कित्येक वर्षं तो थांबलेलाच होता.

शेवटच्या सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. साडू औषध घरी विसरले होते, ते द्यायला गेलो होतो. साडू बोलायला उठले, तेवढ्यात बिल्डरचे वकील म्हणाले, "अर्जदार खटला मागे घेताहेत. ते स्वतः हजर आहेत." माझ्याच पुढच्या बाकावरून दादा उठले. मला वाटलं, काहीतरी गल्लत होतेय. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "हो. माझ्या मर्जीनं." साडू हातातला कागद उगाच सरळ करत राहिले.

व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "काय देताहेत?"

"दोन फ्लॅट. दोन्ही पोरांना एकेक."

"मला आधी सांगायचंस, दादा."

"सांगितलं असतं तर तू समजावलं असतंस. आणि मला पटलं असतं." मग दादा म्हणाले, "तुझ्या वहिनीनं जेवायला बोलावलंय."

साडू माझ्याकडे वळले. "औषध आणलंत ना? द्या."

खटला गेला तसा मनाईहुकूमही गेला. त्याच संध्याकाळी ते इस्त्रीवाल्याकडे गेले. नव्या अर्जाला नाव हवं होतं. त्यानं हातातली इस्त्री थांबवली नाही. "साहेब, तेव्हा तुम्हाला आमचा भरवसा नव्हता. आता आमचं नाव कशाला?" शिकवणीवाल्या बाईंनी नाव दिलं, पण तो अर्ज कोर्टापुढे येईपर्यंत मातीचे ट्रक रिकामे होऊन परत गेले होते.

पुढे साडू भाडेकरार आणि खरेदीखतं करू लागले. ती खुर्चीत बसून होतात. दादांकडे गेले नाहीत. दादा आले की चहा व्हायचा, बोलणं व्हायचं नाही. साडूंच्या मनात काय होतं, मी विचारलं नाही. मला असलं विचारता येत नाही.

साडू वारले, त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना घरी भेटून निघालो. वस्तीत पाऊस पडून गेला होता. फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "डाव्या अंगानं जा, एकपायी. हल्ली इथे पाणी साचतं. चप्पल सांभाळा."

"बरं, येतो," मी म्हणालो.