तरीवरचं मनगट

बर्फ पडायला अजून दोन महिने होते, आणि पलटणीच्या स्कीच्या संघासाठी माणसं निवडायची होती. म्हणून आम्ही डोंगरातल्या डांबरी रस्त्यावर सराव करायचो. पायाखालच्या फळ्यांना बेअरिंगची चाकं, हातात दोन काठ्या. काठ्या पुढे टेकायच्या, अंगाचा भार टाकायचा आणि मागे रेटत पुढे सुटायचं. बाकीची सगळी पहाडी पोरं. मी आठवीतून शाळा सोडलेला, खाडीकाठच्या वालावलकडचा, पलटणीच्या लंगरातला स्वयंपाकी. बर्फ पाहिलेला तो कॅलेंडरवर. पण रेटणं मला पहिल्या दिवसापासून जमलं. बाबांची खाडीत तर होती, माणसं पैलतीरी सोडणारी होडी, आणि ती बांबूने रेटतच मी वाढलो होतो.

खोट एकच. काठी उचलताना माझं मनगट वळायचं. खाडीच्या तळाला चिखल; बांबू सरळ उपसायला गेलं तर तो तिथेच रुततो आणि होडी पुढे निघून जाते. बाबा सांगायचे, "खेचू नको रे, फिरव. चिखल आपसूक सोडता."

डांबरावर चिखल कुठला? पण मनगटाला ते कोण सांगणार. पोरं विचारायची, होडी कुठे बांधून आलास. आम्हाला शिकवणारे उस्ताद गढवालचे, मोजकं बोलणारे. त्यांनी एकदाच बजावलं: हे वळवणं आठ दिवसांत गेलं तर संघात, नाहीतर परत लंगरात रोट्या लाटायला.

त्याच आठवड्यात घरचं पत्र आलं, बाबांनी गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. खाडीवरचा पूल होत आलाय, डिसेंबरात आपली तर बंद होणार. शेवटच्या खेपेला तू असलास तर बरं वाटेल.

संघातल्यांना बर्फ वितळेपर्यंत रजा नव्हती. लंगरातल्यांना मिळायची.

म्हणजे मनगट होतं तसं राहू दिलं असतं, तर मी घरी पोचलो असतो. रोज सकाळी फळ्यांवर उभा राहायचो. डोळे मिटले की काठीखाली पाणी लागायचं. तरी मी मनगटाला पट्टी आवळून बांधली आणि चढ चढत राहिलो.

सातव्या दिवशी उस्ताद चढावर बाजूने चालत आले. वर पोचल्यावर म्हणाले, "अब गया," आणि पाठीवर थाप मारली. त्या थापेचे उपकार मी अजून मानतो. पुढे जे काही झालो, ते तिथूनच.

दुपारी पत्र लिहायला बसलो. रजा मागितली होती, साहेब नाही म्हणाले, असं बाबांना कळवलं.

मी मागितलीच नव्हती.