मामांचे गप्पी आणि माझी विहीर

माझ्या बायकोच्या मामांइतका माशांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात सापडायचा नाही. आमच्याकडे मासे खाण्यावर श्रद्धा असणारे घरोघरी आहेत, पण माशांना साक्षीदार म्हणून बोलावणारे हे एकटेच! कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, निवृत्त झाले आणि डहाणू रोडच्या घराची गॅलरी बादल्यांनी भरून टाकली. कुठल्याशा ओढ्याचं नाहीतर नाल्याचं पाणी आणायचं, ते चांगल्या पाण्यात कमीजास्त मिसळून बादल्या भरायच्या, प्रत्येकीत दहा गप्पी मासे सोडायचे आणि चार दिवसांत कुठे किती जगले ते मोजायचं. या चार दिवसांत माशांना खायला घालायचं नसतं. ते उपाशी, मग मामाही उपाशी! नुसत्या चहावर आणि चिकूंवर दिवस काढतात. गॅलरीत कुणी शिंकलं तरी "अहो, त्यांना धक्का बसतो!" म्हणून अंगावर येतात. मामी बिचाऱ्या चार दिवस मिक्सर लावत नाहीत.

पाणी आणायचा उत्साह तर विचारूच नका. एकदा तलासरीहून जीपने येताना एका पोलिसाने त्यांचा पाच लिटरचा कॅन हेरला. "काय काका, दमणचा माल काय?" मामा कळवळून म्हणाले, "नाल्याचं पाणी आहे. वास घेऊ नका, साहेब." झालं! साहेबांनी झाकण उघडून छातीभर श्वास घेतला, आणि नंतर बराच वेळ मामा त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होते.

या सगळ्यांत एक बादली निव्वळ स्वच्छ पाण्याची असते. तिच्यातले मासे जगलेच पाहिजेत. ते मेले तर सगळी चाचणी बाद. हे मानाचं पाणी माझ्या चिखले गावातल्या चिकूवाडीच्या विहिरीचं असे. "जावईबापू, तुमच्या विहिरीला तोड नाही," असं मामा चारचौघांत म्हणत, आणि ती जणू मीच खणली असावी असा मी लाजत असे.

गेल्या हिवाळ्यात तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या बायकांनी मामांना गाठलं. त्यांच्या ओढ्याला फेस येऊ लागला होता आणि ग्रामसभेत बोलायला हातात काहीतरी हवं होतं. मामांनी हुरुपाने पंधरा बादल्या मांडल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज पार खचलेला. चांगल्या पाण्यातले दहाच्या दहा मासे मेले होते.

मी धावत पोचलो तेव्हा मामा बादल्यांपुढे पाटावर बसले होते. "हात थरथरतात आता. बादली नीट धुतली गेली नसणार. त्या बायकांना काय तोंड दाखवू? बस झालं. गप्पी देऊन टाकतो कुणाला तरी."

मला एकदम माझा फवारणीचा पंप आठवला. चारच दिवसांपूर्वी चिकूच्या अळीवर नवं जालीम औषध मारून मी पंप विहिरीच्या काठावरच खळखळून धुतला होता. पिण्याचं पाणी नळाचं, म्हणून आम्ही घरचे वाचलो. गप्प बसलो असतो तर माझी अब्रूही वाचली असती. पण मामांचं ते उतरलेलं तोंड मला बघवेना.

"मामा, तुमच्या हाताचा काही दोष नाही. माझ्या पंपाचा आहे," मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

मामा पाटावरून ताडकन उठले. "म्हणजे मासे बरोबर बोलले!" त्यांनी स्वयंपाकघराकडे धाव घेतली. "अगं, ऐकलंस का? मासे बरोबर बोलले! जावईबापूंची विहीर विषारी निघाली!" एवढा आनंद त्यांना भाचीच्या लग्नातही झाला नव्हता. त्याच दुपारी माझ्या शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आणून त्यांनी सगळ्या बादल्या नव्याने मांडल्या आणि पाचव्या दिवशी निकालाचा कागद घेऊन स्वतः पाड्यावर गेले. बायकांनी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला.

आता मानाचं पाणी शेजाऱ्याचं असतं. माझी विहीर तपासायच्या रांगेत उभी राहते, मामांच्या थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी लावून: 'जावईबापू, संशयित'. दर महिन्याला ते चार दिवस मी गॅलरीत जाऊन बसतो आणि जेवण मलाही जात नाही. मागच्या खेपेला दहातले नऊ जगले. "सुधारतेय हो," मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. पण त्या दहाव्याकडे बघत आम्ही दोघंही कितीतरी वेळ बसून राहिलो, आणि मामींनी आणून ठेवलेले चिकू तसेच राहिले.